आधी पाय मोज

"चप्पल खाली ठेव. आधी पाय मोज."

मॅडम माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. नवा रायपूरच्या त्या घरात येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता. सामानाची खोकी अजून बांधलेलीच होती, आणि मी पडवीत एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायातली चप्पल उगारली होती. पायरीवरून विटकरी रंगाचं, करंगळीपेक्षा लांब काहीतरी सावकाश चाललं होतं. आवाज आला तो शेजारच्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडून. कापलेले पांढरे केस, सुती गाऊनवर ओढणी, हातात खुरपी. ओळख ना पाळख, आणि थेट एकेरीत हुकूम.

"हजार आहेत," मी म्हणाले.

"हजार कोणालेच नसते. नीट पाह्य. अंगावर वळे दिसून राहिले ना? एका वळ्याले पायाची एक जोडी हाये का दोन?"

मी वाकले. अशा कशाकडे वाकून बघण्याची माझी ही पहिलीच वेळ. एरवी आमचा संबंध वरून खाली, चप्पल आणि पाठ एवढाच.

"दोन वाटतात."

"हव. मग ते वाणी. आता काडीनं हलव तिले."

काडी लावली तशी तिनं अंगाचं गोल वेटोळं केलं आणि गप्प पडून राहिली.

"एक जोडी असती तं गोम. ते चावते, अन् पळते. हिले गोल होण्याबिगर काही येत नाही. अन् तू तिच्यावर चप्पल घेऊन उभी, बाप्पा!"

मी चप्पल पायात घातली आणि तणतणत आत गेले. नवऱ्याला म्हटलं, शेजार काही खरा नाही.

तुमच्याही आळीत असं एखादं माणूस असेल, ज्याला सगळे एकाच नावानं ओळखतात आणि खरं नाव फक्त विजेच्या बिलावर असतं. आमच्या ओळीत त्या मॅडम होत्या. रायपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. वडील भंडाऱ्याकडून रेल्वेत नोकरीला आले ते इथलेच झाले. मॅडमचं बालपण रेल्वेच्या क्वार्टरात गेलं. फोन उचलला की "जय भीम", पुढचं सगळं मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी यांची मिसळ. त्यात 'हव' हा छत्तीसगढी होकार त्यांच्या खास ठेवणीतला. उत्तर बरोबर आलं तरच तो मिळायचा. चुकलं की "फिरून पाह्य". आयुष्यभर वर्गात त्यांनी गुण दिले असतील ते असोत, मला मात्र त्या एका 'हव'साठी पस्तिशीत अभ्यास करावा लागला.

त्यांच्या हॉलमध्ये बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या शेजारच्या कपाटात, काचेच्या बरणीत, नाकतोड्यानं टाकलेली कात. पायांवरचे काटेसुद्धा जसेच्या तसे. मी एकदा त्यांना खिजवायला म्हटलं, "तुम्ही काय बाई, मुंगीही मारत नसाल."

"काहून नाही मारत? सकाळी पहिलं शील म्हणते मी, जीव मारणार नाही म्हणून, अन् दुपारी झुरळ दिसलं तं मारतेबी. त्याचं काय ते माझं मी पाहीन. पण मी झुरळच मारते. तू दिसन ते मारते."

हा फरक मला पटायला एक पावसाळा लागला. आमची ओळ सेक्टरच्या टोकाला, पुढे रुंद मोकळा रस्ता आणि रस्त्यापलीकडे धानाची शेतं. जे जे उडतं, सरपटतं आणि उड्या मारतं, ते संध्याकाळी आमच्याच दिव्याला भेट द्यायला यायचं. एकदा ट्यूबलाईटखाली पंखांचा नुसता सडा पडला. नवरा घाबराघुबरा होऊन औषधवाल्याला फोन लावायला निघाला, वाळवी लागली, नवी दारं गेली म्हणून. मी एक किडा वाटीखाली झाकून भिंतीपाशी नेला.

"कंबर पाह्य," मॅडम म्हणाल्या.

"बारीक आहे."

"उधईले कंबर नसते. माझ्यासारखी, वरून खालपर्यंत एकच. पंख?"

"पुढचे मोठे, मागचे लहान."

"उधईचे चारही सारखे. आता मिशा?"

पुस्तकात त्यांना स्पर्शिका म्हणतात. मॅडम मिशाच म्हणायच्या, मग तो किडा नर असो की मादी.

"मधे वाकल्यात. कोपरात हात मुडपावा तशा."

"हव. मुंग्या हायेत. वरात निघाली त्यांची. नवऱ्याले म्हण, फोन ठेव अन् दिवा बंद कर."

औषधवाल्याचे पैसे वाचले म्हणून नवरा खूश झाला. मी वेगळ्याच कारणानं खूश होते. तोवर मला किडे म्हणजे एकच एक किळस वाटायची. आता त्या किळसेला कंबरा फुटल्या, मिशा फुटल्या. वांग्याच्या पानावर लाल पाठीचा, ठिपकेवाला भुंगेरा दिसला की मी त्याची पाठ चकचकीत आहे की मखमली हे बघायला लागले. चकचकीत असला तर तो पिकावरचा मावा खाणारा, आपला. मखमली आणि ठिपक्यांची नुसती गर्दी असली, तर तो वांग्याची पानं खरवडणारा. दिवाळीच्या सुमारास धान पिकलं की हिरवे माहो, म्हणजे धानावरचे तुडतुडे, दिव्यांवर झुंडीनं येतात आणि अख्खी ओळ अंधार करून बसते. त्यातही मला कळायला लागलं की ते तिरपे चालतात आणि पंखाच्या टोकाला काळे असतात. आणि लिंबाच्या पानावर चिमणीची शी पडलेली दिसली, तर ती आधी काडीनं हलवून बघायची. कारण पुष्कळदा ती शी नसते, फुलपाखराची अळी असते. कोणी खाऊ नये म्हणून तिनं शीचं सोंग घेतलेलं असतं. "अन् हे सोंग फक्त लिंबावर, नाहीतं कढीपत्त्यावर," मॅडम बजावून सांगायच्या. "दुसऱ्या झाडावर दिसली, तं ते चिमणीचीच."

त्यांचा एकुलता एक मुलगा बंगळूरला, अठराव्या मजल्यावर राहतो. रोज संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. मुलगा भला होता, सून त्याहून भली. दोघांना आई तिथं हवी होती. आईला मात्र तिची जास्वंद, लिंबू, वांगी आणि त्यांच्यावर जगणारं गणगोत सोडायचं नव्हतं. मायलेकांत एक करार ठरला होता: आपलं आपण निभतं तोवर मॅडमनी रायपुरात राहायचं, आणि ज्या दिवशी निभेनासं होईल त्या दिवशी मुकाट बंगळूरला जायचं.

"जाऊन आली मी तिथं," त्या सांगायच्या. "लई चांगलं घर हाये. पण अठराव्या मजल्यावर माशीबी विचारून येते."

दुसऱ्या वर्षी त्यांची शिकवण्याची पद्धत बदलली. आधी त्या स्वतः वाकायच्या, भिंग धरायच्या आणि मग मला दाखवायच्या. आता त्या खुर्चीवरून उठेनात. "तू सांग. पाय किती? पंख झाकणाखाली हायेत का उघडे? मिशा लांब का आखूड?" आणि मी सांगत असताना मान एका बाजूला वळवून भलतीकडेच बघत. मला वाटायचं, आता माझी तोंडी परीक्षा चालू आहे. मी जास्तच मन लावून उत्तरं द्यायचे. तुम्ही तिथं असतात तर तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

मग जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला.

नावावर जाऊ नका. हा गादीतला ढेकूण नव्हे. कोवळ्या फांदीच्या बेचक्यात पिठाच्या चिमट्यासारखा चिकटून बसणारा, रस शोषणारा हा किडा. मॅडमनीच मला तो दाखवला होता, आणि त्याच्यातच मिसळलेला दुसरा एक. तोही तसाच पांढरा, पण त्याच्या अंगावरची मेणाची झुलपं लांब, आणि हात लावला की तो चक्क पळतो. एका भुंगेऱ्याचं हे पिल्लू पिठ्या ढेकणांचंच पांढरं रूप घेऊन त्यांच्यात शिरतं आणि त्यांनाच खातं. "याले हात नको लावू," त्या म्हणाल्या होत्या. "हा आला म्हणजे आपण सुटीवर." इतक्या प्रेमानं त्या कुणाबद्दल बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

एका रविवारी सकाळी मी भिंतीपाशी गेले, तर मॅडम त्याच फांदीवर साबणाचं पाणी फवारत होत्या. फेसातून पांढरे ठिपके सैरावैरा धावत होते.

"मॅडम," मी म्हणाले, "हे पळतायत."

त्यांचा हात थांबला.

"पळून राहिले?"

"हो. झुलपेवाले आहेत."

त्यांनी बाटली खाली ठेवली. ठेवली म्हणजे आधी डाव्या हातानं कट्टा चाचपला आणि मग ठेवली. मला त्या एका हालचालीत सगळं कळलं. जिनं मला मारण्याआधी बघायला शिकवलं, ती न बघता मारत होती.

"मधलं दिसत नाही मले," त्या म्हणाल्या. "कडेचं दिसते. तुझे कान दिसतात, झुमके दिसतात. तोंडाच्या जागी नुसता धूर. डॉक्टर म्हणे, गेलं ते येत नाही." मग त्यांनी विचारलं, "किती वाचले?"

"पुष्कळ आहेत अजून," मी म्हणाले. ते खरं होतं.

"पोराले नको सांगू."

मी नाही सांगितलं. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. त्या दिवसापासून ऑफिसला निघण्याआधी मी त्यांच्या बागेत एक फेरी मारायचे आणि त्या खुर्चीत, तिरप्या मानेनं, ऐकत बसायच्या. मी लक्षणं सांगायची, त्यांनी नाव सांगायचं. घर त्यांना तळहातासारखं पाठ होतं. गॅस, गोळ्या, पायऱ्या, सगळं बिनचूक. मोबाइलवर मुलाचा आवाज आला की अंदाजानं पडद्याकडे तोंड करून त्या गप्पा मारत. हे असंच वर्षानुवर्षं चालू शकेल असं आम्हा दोघींना वाटायला लागलं होतं.

घात केला तो आमच्या मायमराठीनं.

पलीकडच्या घरात रिया नावाची कॉलेजात जाणारी मुलगी होती. आईबाप अमरावतीकडचे. पोरीला मराठी समजायची, पण उत्तर हिंदीत. एका दुपारी मॅडमनी तिला हाक मारली, "रिया, माझ्या जास्वंदाले पिठ्या ढेकूण झाले वं. तुह्या आईले साबणाचं पाणी माग." रियाला जास्वंद कळलं नाही. पिठ्या कळला नाही. ढेकूण मात्र बरोबर कळला. पोरगी मदतीला तत्पर. तिनं त्याच क्षणी कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं: "मैडम आंटी के यहाँ खटमल हो गए हैं. किसी के पास दवाई वाले का नंबर है क्या?"

मी संध्याकाळी परतले, तेव्हा आमच्या ओळीत तीन घरांच्या गाद्या बाहेर पडल्या होत्या. मॅडमच्या सोफ्यावर गेल्या महिन्यात कोण कोण बसलं होतं याची उजळणी चालली होती. एक बाई पंडरीच्या कापडबाजारातून आणलेल्या नव्या चादरी उकळत्या पाण्यात बुडवत होत्या. मी हसत हसत मॅडमकडे गेले, तर त्या बागेत उभ्या आणि हातात मोबाइल. पडद्यावर मुलगा. घरमालक म्हणून तोही ग्रुपवर होता.

"अरे खटमल नोहे, पिठ्या ढेकूण!" मॅडम हसून सांगत होत्या.

मुलगाही हसत होता. "आई, दाखव बरं. मी फोटो टाकतो ग्रुपवर, नाहीतर लोक तुझ्या घरात औषध मारून जातील."

"हे पाह्य ना." त्यांनी मोबाइल जास्वंदीच्या फांदीजवळ नेला. फांदी त्यांना पाठ होती. "हे पांढरं. दिसलं?"

त्या फांदीवरचा पिठ्या मी सकाळीच, त्यांना न सांगता, पुसून काढला होता; उरला होता तो पलीकडच्या फांदीवर. "मॅडम, इकडे," मी हळूच त्यांचं कोपर धरलं. त्यांनी ते झटकलं. मुलासमोर त्यांना कुणाचा हात नको होता.

पडद्यावरचं हसू थांबलं.

"आई, ती चिमणीची शी आहे."

"अरे, अळी असते तशी. सोंग घेते."

"ती लिंबावर, आई," मुलगा अगदी हळू आवाजात म्हणाला. "जास्वंदीवर नाही. तूच शिकवलंस."

मॅडमनी मोबाइल माझ्या हातात दिला.

शनिवारी तो आला. भांडायला आला असता तर बरं झालं असतं. मॅडमनी त्याला सहज हरवलं असतं. तो आला, चहा केला, तीन कप बागेत आणले आणि आईच्या समोर खुर्ची ओढून बसला.

"आई, माझा शर्ट कुठल्या रंगाचा आहे?"

"निळा." त्यांनी मान तिरपी करून ताबडतोब सांगितलं. बरोबर होतं. त्यांनी माझ्या दिशेनं विजयानं पाहिलंसुद्धा.

"आणि माझ्यात काय बदललंय?"

मॅडमनी मान दुसऱ्या बाजूला तिरपी केली. त्यानं आईचा हात उचलून स्वतःच्या गालावर ठेवला. भरघोस दाढी, वर झुपकेदार मिशा. दिवाळीपासून वाढवलेल्या. रोज संध्याकाळी पडद्यावर त्या दोघांच्या मध्ये होत्या.

मॅडमची बोटं गालावरून वर गेली आणि मिशांवर थांबली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांनी त्या सावकाश चाचपल्या.

"बाप्पा," त्या म्हणाल्या. "सगळ्या दुनियेच्या मिशा मोजल्या मी. अन् माझ्याच पोट्ट्याच्या दिसल्या नाही."

मला वाटलं, त्या आता म्हणतील, त्यात काय झालं. मी त्यांच्या बाजूनं बोलायची तयारीही केली होती. रोजची फेरी मी मारीन, औषधं मी बघीन, असं बरंच काही. पण त्या उठल्या, चालत लिंबापाशी गेल्या आणि तिथं पाठ करून बराच वेळ उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा करारावर सही झाल्यासारखं म्हणाल्या, "चहा थंडा झाला. गरम कर. अन् तिकीट पाह्य."

निघायच्या दिवशी सगळी ओळ गेटपाशी जमली होती. रिया रडून रडून लाल झाली होती. "सॉरी आंटी, मेरी वजह से हुआ," ती सारखी म्हणत होती. मॅडमनी तिच्या डोक्यावर टपली मारली. "तुह्याच्यानं नाही वं. मराठी शिक थोडी. ढेकूण किती जातीचे असतात ते तुले माहीत असलं पाहिजे."

मी मागे उभी होते. पुढे होऊन रडायचं नाही असं ठरवलं होतं. मॅडम मान वळवून वळवून बघत होत्या, मग माझ्या दिशेनं आल्या. त्यांचा हात माझ्या झुमक्याला लागला, खांद्यावर आला, तिथून खाली माझ्या मुठीपर्यंत गेला आणि त्यांनी ती उघडून बघितली.

"चप्पल नाही हातात. मग कोण हाये हे?"

मी रडायला लागले. जोरात, लोकांसमोर, नाक ओढत.

"हव," मॅडम म्हणाल्या. "ओळखलं."

आता त्या घरात भाडेकरू आहेत. माणसं चांगली आहेत. त्यांनी बागेत फरशी घालून घेतली, कारण त्यांना किड्यांची भीती वाटते. जास्वंदीच्या फांद्या मी आधीच आणून आमच्या बाजूला लावल्या होत्या. त्यातली एक जगली. मी आठवड्यातून एकदा मॅडमना फोन करून काय काय दिसलं ते सांगते. त्या ऐकतात, नावं सांगतात. स्वतःकडे सांगण्यासारखं त्यांच्याजवळ काही नसतं. तिथं सगळं स्वच्छ आहे, दर महिन्याला माणूस येऊन औषध मारून जातो, सून जेवायला गरम वाढते. त्या तक्रार करत नाहीत. मला ते ऐकवत नाही.

मागच्या मंगळवारी, भर दुपारी, मी ऑफिसात असताना त्यांचा व्हिडिओ कॉल आला. त्या कधी दुपारी करत नाहीत. मी घाबरून जिन्यात गेले आणि उचलला. पडद्यावर आधी त्यांचा कान दिसला, मग छत, मग मोठी बंद खिडकी आणि तिच्या पलीकडे नुसतं आकाश.

"घरात कोणी नाही," मॅडम कुजबुजत होत्या. "खिडकीत काहीतरी हाये. आवाज येऊन राहिला. मले दिसत नाही. तू सांग."

त्या मोबाइल काचेवरून फिरवत होत्या. "डावीकडे, मॅडम. अजून. थोडा वर." काचेच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका चढत होता, घसरत होता, पुन्हा चढत होता.

"दिसलं."

"पाय?"

"सहा."

"मिशा?"

"इतक्या आखूड की दिसतही नाहीत."

"पंख मोज. घाई नको करू. नीट मोज."

मी पडदा डोळ्यांजवळ धरला. जिन्यातून जाणारे लोक माझ्याकडे बघत होते. ठिपका क्षणभर थांबला.

"दोनच आहेत, मॅडम. चार नाहीत. साधी माशी आहे."

पलीकडून फक्त तिची भुणभुण ऐकू येत होती. मोबाइल आता खाली खिडकीच्या कठड्यावर ठेवलेला असावा, कारण पडद्यावर आकाशाशिवाय काही उरलं नव्हतं.

"अठराव्या मजल्यावर आली," मॅडमचा आवाज आला. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. "विचारून आली का वं?"

आणि मग मला, जरा उशिरानं:

"हव."